व्हिक्टोरियासमोरची जागा

‘तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा व्हिक्टोरिया,’ तेजरावभाऊ म्हणाले. ‘लिही.’

मी लिहिलं. सहा दिवसांच्या कलकत्त्याच्या सहलीत व्हिक्टोरिया मेमोरियल आता चौथ्यांदा आलं होतं. हावडा ब्रिज एकदा, दक्षिणेश्वर एकदा, बेलूर मठ ‘जमलं तर’, आणि व्हिक्टोरिया चार वेळा.

‘भाऊ, एवढं मोठं शहर हाये ते. तुमी काय त्या राणीच्या घरी पाहुणे म्हणून चालले?’

एरवी भाऊ अशा बोलण्यावर हसून पाठीत धपाटा घालायचे. त्या दिवशी त्यांनी पेन्सिल उचलली आणि नकाशावर व्हिक्टोरियाभोवती आणखी एक गोल काढला. काउंटरभर पसरलेला तो नकाशा गुंडाळला जाऊ नये म्हणून त्यांनी चारी कोपऱ्यांवर फोटो धुवायच्या हायपोच्या बाटल्या ठेवल्या होत्या.

ही ब्याऐंशी सालच्या डिसेंबरातली गोष्ट. अकोल्याला गांधी रोडच्या एका बोळात तेजरावभाऊ बोचऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि मी तिथं रिटचिंग करायचो. नवरदेवाच्या तोंडावरचे देवीचे वण बुजवायचे, वरातीच्या फोटोतून मेलेल्या माणसाचा चेहरा कापून त्याला कोट चढवायचा, असली कामं. पंचवीस वर्षांचा होतो. हात चांगला होता आणि तो चांगला आहे हे मला जरा जास्तच ठाऊक होतं.

बहिणीच्या साक्षगंधासाठी दोन दिवस मूर्तिजापूरला गेलो होतो. परत येऊन बघतो तर हा नकाशा. पोळा सोडला तर एक दिवस दुकान बंद न ठेवणारा माणूस बायकोला घेऊन सहा दिवस कलकत्त्याला निघाला होता. शेजारच्या महादेव टेलरला त्यांनी सांगितलं होतं, ‘फिरून येतो, चार फोटो काढून येतो.’ महादेवनं ते सगळ्या बोळाला सांगितलं होतं. मला तर आनंदच झाला होता, म्हणून मी थट्टा करत होतो.

भाऊंनी दुकानाचं अर्धं दार लोटून घेतलं. ड्रॉवरमधून एक प्रिंट काढून माझ्यासमोर ठेवली.

‘पाह्य.’

नुकतेच कलकत्ता फिरून आलेल्या गुल्हाने मास्तरांचा फोटो. मास्तर, त्यांची बायको, पुढं नातू. मागं तळं आणि तळ्यापलीकडं व्हिक्टोरियाचा घुमट. मास्तरांच्या उजव्या हाताला, थोडं मागं, एक पोरगा अर्धवट वळून बघतोय. भाऊंनी त्या पोरावर बोट ठेवलं.

‘हा उल्हास हाये.’

उल्हास म्हणजे भाऊंचा एकुलता एक मुलगा. सहा वर्षांपूर्वी, चौदाव्या वर्षी घरातून गेलेला. तेव्हा मी या दुकानात नव्हतो. मला ठाऊक होतं ते महादेव टेलरच्या तोंडून. पोरानं कागद कसा दिसतो ते बघायला फोटो छापायच्या ब्रोमाइड पेपरचा डबा उजेडात उघडला, एका लग्नाचा सगळा कागद वाया गेला, आणि भाऊंनी गिऱ्हाइकांच्या देखत त्याच्या कानाखाली वाजवली. संध्याकाळी कोणीतरी त्याला स्टेशनावर पाहिलं. तेव्हा फलाटाला हावडा मेल उभी होती. त्यानंतर काही नाही. त्याच्या आईनं, द्वारकावहिनींनी, त्याचे सगळे फोटो ट्रंकेच्या तळाशी घातले आणि बोलणंही जवळजवळ सोडलं. मी चार वर्षांत त्यांच्या तोंडून ‘डबा ठेवला’ याहून जास्त फारसं ऐकलं नव्हतं.

‘तुझ्या वहिनीनं ओळखलं त्याले,’ भाऊ म्हणाले. ‘परवा डबा घेऊन आली, अन् ही प्रिंट इथं वाळत होती. तिथंच बसली खाली. मंग रडली. मंग हसली. दिवाकर, सहा वर्षांनी हसली ती.’

मी स्टुलावर बसलो. भाऊंना वाटलं, मला भरून आलं.

तो पोरगा तिथं मी उभा केला होता.

मूर्तिजापूरला जायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. भाऊ एका लग्नाच्या ऑर्डरीवर बार्शीटाकळीला होते. मास्तरांचा रोल धुतला तर नेमक्या व्हिक्टोरियाच्या फोटोत, तळ्याच्या जागी, भला मोठा पांढरा डाग. कॅमेऱ्यात कुठूनतरी उजेड शिरला होता. मास्तर जन्मात पुन्हा कलकत्त्याला जाणार नव्हते. ब्रशनं पाणी रंगवत बसण्यापेक्षा तिथं एक माणूस चिकटवला की काम झालं, असं मला वाटलं. फुकट गेलेल्या प्रिंटांचा एक पत्र्याचा डबा डार्करूममध्ये असायचा. त्यातून डाग झाकेल एवढ्या मापाचा एक पोरगा कापला, चिकटवला, कडा रंगवल्या, पाय नातवाच्या डोक्यामागं दडवले, वरून पुन्हा फोटो घेतला. तीन कॉप्या काढल्या. स्वतःवर खूश झालो आणि सकाळी मूर्तिजापूरची गाडी पकडली.

तो पोरगा कोण, हा प्रश्न मला पडलाच नाही.

भाऊ बाहेर पडल्यावर मी तो पत्र्याचा डबा उघडला. सगळ्या प्रिंटा उल्हासच्याच. पडद्यासमोर, प्लास्टरच्या खांबाला टेकून, हातात पाटी धरून. लाइट बरोबर पडतो का ते बघायला भाऊ घरच्याच पोराला उभं करायचे. कोणता फोटोग्राफर नाही करत? तळाशी तो सहा वर्षांचा होता, वर येता येता चौदाचा. कुठं डोळे मिटलेले, कुठं जांभई. पोरगा सहा वर्षं त्यांच्याच डार्करूममध्ये होता आणि ते त्याला शोधायला कलकत्त्याला निघाले होते. काखेत कळसा अन् गावाला वळसा, हे मला तेव्हाच सुचलं आणि माझी मलाच किळस आली.

ठरवलं, उद्या सकाळी सांगायचं.

सकाळी दुकानात शिरलो तर भाऊंच्या आधी द्वारकावहिनी. केस नीट विंचरलेले, हातात टाचलेला चौकटीचा शर्ट.

‘दिवाकर, पाठ कर इकडं.’

मी पाठ केली. त्यांनी शर्ट माझ्या खांद्यांना लावून पाहिला. बाह्या ओढून मनगटापर्यंत आणल्या.

‘फोटोत बारका दिसते, पण आता वीस वर्षांचा असंन तो. तुझ्याएवढा तर झालाच असंन, नाही?’

‘हो वहिनी.’

‘कलकत्त्याले थंडी असते काय रे?’

‘असते थोडी.’

‘मंग बाही पूर्ण पाह्यजे.’ त्या टाचण्या लावत होत्या. एक टाचणी माझ्या पाठीला टोचली. मी हललो नाही. ‘तुले राग नाही ना आला? दुसरं कोणाचं माप घेऊ मी?’

भाऊ दारात उभे राहून आमच्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट वाचता आलं नाही. मी तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

पुढचे दहा दिवस मी त्या सहलीसाठी राबलो. एवढा मी स्वतःच्या बहिणीच्या लग्नातही राबलो नाही. अपराध्याचे हात चांगले चालतात. कुठली जागा कुठल्या वेळी, उजेड कुठल्या बाजूनं, सगळं वहीत लिहून काढलं. ट्राम कुठं धरायची, धर्मशाळा कुठली, कालीघाटला पंडे कसे अंगावर येतात. भाऊंना तीन रोल भरून दिले, एकेकात छत्तीस फोटो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मी गुल्हाने मास्तरांकडं गेलो.

‘मास्तर, त्या व्हिक्टोरियाच्या फोटोत तुमी नेमके कुठं उभे होते? भाऊंना तशीच जागा पाह्यजे.’

मास्तरांना मोठा आनंद झाला. त्यांनी वहीत मला दार, वाट, बाक, तळं, सगळं काढून दिलं. शिकवायची खोड. मग भिंतीवरच्या फ्रेमकडं बघून म्हणाले, ‘दिवाकर, हा आमच्यामागं पोरगा कोण आहे रे? आम्हाला कोणालाच आठवत नाही.’

‘गर्दीतला असंन कोणी.’

‘गर्दी कुठं होती? सकाळी सात वाजता आम्हीच होतो.’

‘मंग माळ्याचा पोरगा असंन, मास्तर.’

ते पुन्हा फ्रेमकडं बघायला लागले. मी नकाशा घेऊन जवळजवळ पळालो. त्यानंतर बोळात कोणाचीही काठी वाजली की मी डार्करूममध्ये शिरायचो. मास्तर आणि भाऊ पाच मिनिटं बोलले असते तर संपलं असतं, आणि मनातून मला तेच हवं होतं. माझ्याऐवजी दुसऱ्या कोणी तरी सांगावं. पण मास्तर आले नाहीत, आणि भाऊ त्यांच्याकडं गेले नाहीत. कलकत्त्याहून परतलेल्या माणसाला जाऊन चार गोष्टी विचाराव्यात, हे भाऊंना एकदाही का वाटलं नाही, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

दुकान मात्र बदललं होतं. वहिनी रोज यायच्या, नकाशासमोर बसायच्या, ‘ह्या पुलावरून रोज किती लोक जात असतीन?’ असलं काही विचारायच्या. भाऊ सांगायचे. मग वहिनी म्हणायच्या, ‘पुलावर दोन तास थांबू.’ भाऊ मला सांगायचे, ‘लिही, पुलावर दोन तास.’ एकदा दोघं कशावरून तरी हसले. मी आत डार्करूममध्ये होतो. लाल दिव्यात, ट्रेसमोर, मी देवाला म्हणालो की पोरगा खरोखरच तिथं असू दे. मला हे आजही कबूल करायला लाज वाटत नाही. मला खरोखर वाटलं होतं की असू शकतं.

निघायच्या दिवशी मी सामान घेऊन स्टेशनावर गेलो. वहिनी खिडकीशी बसल्या, मांडीवर पिशवी, पिशवीत घडी केलेला शर्ट. ‘तुळशीले पाणी घालजो,’ एवढं म्हणून त्या फलाटावरच्या माणसांचे चेहरे बघायला लागल्या. अकोल्यापासूनच सुरुवात झाली होती.

मी भाऊंना दाराशी बाजूला घेतलं.

‘भाऊ, मले एक सांगायचं हाये.’

‘आल्यावर सांगजो.’

‘नाही भाऊ, आत्ताच. त्या फोटोचं...’

भाऊंनी माझं मनगट धरलं. जोरात धरलं. ‘दिवाकर. आल्यावर.’

गाडी हलली. मी मनाशी म्हटलं, मी तर सांगत होतो, त्यांनीच ऐकलं नाही. चाळीस वर्षं हे वाक्य मी स्वतःला ऐकवत आलोय आणि ते अजून पटत नाही.

ते गेले आणि मी त्या डब्याबरोबर एकटा राहिलो. दुकान उघडायचो, पासपोर्टचे फोटो काढायचो. गिऱ्हाईक खांबाजवळ उभं राहिलं की मला त्याच्या मागं उल्हास दिसायचा, तोच अर्धवट वळलेला. भिंग घेऊन मी त्या सगळ्या प्रिंटा बघितल्या. एकतीस होत्या. डोळे उघडे असलेल्या सगळ्यांत तो कॅमेऱ्यामागच्या माणसाकडं बघत होता, ‘झालं का?’ असं विचारल्यासारखा. चौथ्या दिवशी मी डबा जुन्या पडद्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. पाचव्या दिवशी उतरवून परत जागेवर ठेवला. ते पोर पुन्हा घराबाहेर काढायचा मला हक्क नव्हता.

नवव्या दिवशी भाऊ दुकानात आले. एकटेच. जरा वाळलेले. काउंटरवर तीन रोल ठेवले.

‘धू. घाई नाही.’

‘भाऊ, कसं झालं?’

‘धू तर खरं,’ म्हणाले आणि घरी गेले.

मी रोल धुतले. फिल्म वाळल्यावर पट्ट्या कापून दिव्यासमोर धरल्या.

पहिल्या रोलमध्ये छत्तीसही फोटोंत नुसती माणसं. पुलावरची, घाटावरची, ट्रामच्या दारात लोंबकळणारी. पूल नाही, घाट नाही, फक्त चेहरे. सगळे विशीतले पोरगे. दुसरा रोलही अर्ध्यापर्यंत तसाच. मग व्हिक्टोरिया. मास्तरांनी काढून दिलेली वाट, तोच बाक, तेच तळं. पुढच्या एका फोटोत वहिनींच्या हातात मास्तरांची प्रिंट. त्या एकदा तिच्याकडं, एकदा समोर बघताहेत. त्याच्या पुढच्यात त्या काठाशी गेल्या आहेत. आणि त्याच्या पुढच्यात त्या पाठमोऱ्या, लुगड्याचा काठ हातात धरून, घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या. प्रिंटमध्ये उल्हास होता त्याच जागी.

त्यानंतर दुसरा रोल कोरा. एकही फोटो नाही.

तिसरा रोल मी दिव्यासमोर धरला. त्यात कोणीही अनोळखी नव्हतं. सगळे फोटो भाऊ आणि वहिनींचे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात कॅमेरा देऊन काढून घेतलेले. पुलासमोर दोघं, दक्षिणेश्वरच्या पायऱ्यांवर दोघं, फुलांच्या बाजारात, जादूघराच्या, म्हणजे तिथल्या म्युझियमच्या, दारात, नावेत. चारचौघं प्रवासाला गेल्यावर काढतात तसलेच. फक्त प्रत्येक फोटोत दोघं लांब लांब उभे होते. मध्ये एका माणसाची जागा सोडून. भाऊंचा एक हात त्या जागेवर, कोणाच्या डोक्यावर ठेवल्यासारखा, हवेत धरलेला, बोटं किंचित वाकलेली.

दुकानाला कुलूप न लावता मी त्यांच्या घरी गेलो. भाऊ ओसरीवर बसले होते. वहिनी सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच बोललो.

‘तो मी चिकटवला होता. डब्यातून कापून. मले माहीत नोतं कोण हाये तो. त्याच दिवशी सांगायले पाह्यजे होतं, भाऊ. माझ्यानं नाही झालं.’

भाऊ म्हणाले, ‘चिकटवलेलं मले नाही दिसत काय रे? तुले कापायले शिकवलं कोणं?’

मी ओसरीच्या पायरीवर बसलो.

‘तिनं ओळखलं, तवाच मी प्रिंट उजेडात धरली. कड दिसली. डब्यातला कोणता फोटो तेही समजलं, मीच काढलेला. पण दिवाकर, तिच्या तोंडाकडं पाह्यलं, अन् मंग कड कोणाले दाखवू?’ वहिनींकडं न बघता भाऊ पुढं म्हणाले, ‘तू तरी सांगशीन म्हणून वाट पाहत होतो पहिले. मंग भ्या वाटाले लागलं, तू सांगून देशीन म्हणून.’

वहिनींचे हात थांबले नव्हते. खडा सापडला तो त्यांनी बाजूला टाकला.

‘तिथं पाणी होतं, दिवाकर,’ त्या म्हणाल्या. ‘माणूस उभा राहू शकत नाही तिथं. पहिले मले वाटलं, मीच चुकीच्या जागी हावो. म्हणून मधात जाऊन पाह्यलं.’

‘वहिनी, मारा मले. काहीही करा.’

‘कायले? तुझ्यामुळं सहा दिवस बाहेर पडलो आमी.’ हे त्या रागानं म्हणाल्या की कशानं, मला आजवर ठरवता आलेलं नाही. ‘फोटो कसे आले?’

‘चांगले आले.’

‘जागा दिसते काय मधातली?’

‘दिसते.’

त्यांनी सूप खाली ठेवलं. ‘सगळ्यांत नोको. एकात कर. पुलाच्या फोटोत कर. अन् या वेळी जमिनीवर उभं कर त्याले.’

भाऊंनी तोंड दुसरीकडं वळवलं. मला वाटलं, आता ते नाही म्हणतील. त्यांनी नाही म्हणावं असं मला फार वाटत होतं. ते नाही म्हणाले नाहीत.

‘केवढा करू, वहिनी?’ मी विचारलं. काम करायचं तर माप लागतं.

वहिनी उठल्या. भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि हात आडवा करून स्वतःच्या हनुवटीखाली धरला.

‘एवढाच होता,’ त्या म्हणाल्या.

पुलासमोरच्या फोटोत भाऊंचा हातही तेवढ्याच उंचीवर होता.